घरच्या मातीतले लोखंड : ओळख आणि कालनिर्णय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते इतिहास शिकवीत. परंतु सनावळी पाठ करवून घेण्यापेक्षा एखादे खापर, एखादे नाणे किंवा जुना दस्त मुलांच्या हाती देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची त्यांची रीत होती. त्या रीतीला स्मरूनच आजचा विषय मी निवडला आहे. विषय साधा, किंबहुना घरगुती आहे. घराचा पाया खणताना, जुने न्हाणीघर मोडताना, परसात झाडासाठी खड्डा घेताना जे गंजलेले लोखंड हाती लागते, ते कशाचे आहे आणि किती जुने आहे, हे कसे ओळखावे?

आपल्या शहरात हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांतील जुनी घरे पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. पाया खणताना मातीतून कड्या, कोयंडे, खिळे, गज, नाल, कुलपे, विळे वर येतात. कंत्राटदाराच्या लेखी ते भंगार असते. किलोच्या भावाने ते विकले जाते आणि भट्टीत वितळते. धातुशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे अनेक माजी विद्यार्थी अशा वस्तू माझ्याकडे आणीत आले आहेत. बहुतेक वस्तू घासूनपुसून, क्वचित तेल लावून आणलेल्या असतात. ती कोठे, किती खोलीवर, कशाबरोबर सापडली असे विचारले, की मात्र उत्तर मिळत नाही. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच आहे : लोखंडी वस्तूचे अर्धे वय तिच्या घडणीत लिहिलेले असते आणि उरलेले अर्धे ती ज्या मातीत पडली होती त्या मातीत. यांतील दुसरे अर्धे एकदा पुसले गेले, की ते पुन्हा वाचता येत नाही.

गंज हे घड्याळ नव्हे

जितका गंज अधिक तितकी वस्तू जुनी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो प्रथम बाजूला ठेवावा लागेल. दिल्लीजवळ मेहरौली येथे उभा असलेला लोहस्तंभ सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. त्यावरील लेखात उल्लेखिलेला चंद्र राजा म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे सोळाशे वर्षे ऊन-पाऊस सोसूनही तो स्तंभ खंगलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचे कारण त्या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणात आणि त्यामुळे पृष्ठभागावर बनलेल्या संरक्षक थरात दाखवून दिले. याउलट कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे साधे गज काही दशकांतच पोखरून निघतात.

गंज चढणे हे पाणी, हवा, क्षार आणि धातूचा स्वभाव या चौघांवर अवलंबून असते. आपल्या हैदराबादेत खाली ग्रॅनाइटचा खडक आणि त्यावर त्याचाच झिजून झालेला मुरूम आहे. मुरमातून पाणी चटकन निचरते; तेथे पडलेले लोखंड तुलनेने बरे राहते. काळ्या मातीत ओल टिकते. मोरीच्या किंवा शौचकूपाच्या शेजारच्या जमिनीत क्षार मुरलेले असतात. तेथे वीस-तीस वर्षांची कडीही शेकडो वर्षांची भासते. उलट जुन्या भिंतीच्या चुन्यात गाडला गेलेला खिळा क्षारधर्मी चुन्यामुळे दीर्घकाळ शाबूत राहतो. म्हणून एकाच घरातल्या, एकाच दिवशी ठोकलेल्या दोन खिळ्यांची अवस्था अगदी भिन्न असू शकते. गंज आपल्याला वस्तूच्या सोबतीविषयी सांगतो, वयाविषयी नाही.

लोखंडाच्या तीन जाती

संस्कृत रसशास्त्राच्या ग्रंथांनी लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे भेद केले आहेत. त्यांतील तीक्ष्णावरूनच पोलादासाठी मराठीत 'तिखे' हा शब्द आला. आजच्या परिभाषेत आपल्याला तीन जाती ध्यानात ठेवल्या तरी पुरेशा आहेत.

पहिली जात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. यात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असते. ते साच्यात ओतता येते, पण ऐरणीवर ठोकता येत नाही. घणाच्या घावाने तडकते. तुटलेल्या जागी दाणेदार, करडा पृष्ठभाग दिसतो आणि साच्याचे दोन भाग जेथे जुळले तेथे बारीक उंचवट्याची रेघ राहते. जमिनीत फार काळ राहिलेल्या बिडातील लोह झिजून जाते आणि मागे काळ्या शिशाचा सांगाडा उरतो. वस्तूचा आकार तोच असतो, पण ती आश्चर्य वाटावे इतकी हलकी होते आणि सुरीने खरवडली जाते.

दुसरी जात घडीव लोखंडाची. यात कार्बन अत्यल्प असतो. मात्र भट्टीतील किटाचे सूक्ष्म धागे त्यात अडकून राहिलेले असतात. ठोकताना हे धागे लांबट होतात. अशी वस्तू गंजली की लाकडाच्या रेषांप्रमाणे पदर सुटलेले दिसतात. ही खूण इतकी बोलकी आहे, की एकदा पाहिलेला मनुष्य ती पुन्हा चुकत नाही.

तिसरी जात पोलादाची. कार्बनच्या दृष्टीने या दोहोंच्या मधली. आधुनिक मऊ पोलाद एकजिनसी असते. ते गंजते तेव्हा पदर न सुटता खळगे पडतात. हेन्री बेसेमर यांनी १८५६ साली स्वस्त पोलादाची कृती जाहीर केली आणि १८८० नंतर गज, पत्रे, गर्डर यांच्यासाठी घडीव लोखंडाची जागा झपाट्याने पोलादाने घेतली. यावरून एक ढोबळ सीमा मिळते. कडीचे किंवा गजाचे लोखंड एकजिनसी मऊ पोलाद असेल, तर ती वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादाच्या आधीची असण्याचा संभव फार थोडा.

प्रयोगशाळेत याहून पुढे जाता येते. आधुनिक पोलादात मँगनीज मुद्दाम राखलेले असते. लोणारी कोळशावर गाळलेल्या देशी लोखंडात ते बहुधा नगण्य असते. शिवाय लोखंडात शिरलेला कार्बन लाकडी कोळशातून आला असेल, तर त्याचे वय किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने काढता येते. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षांचा असल्याने त्यातला हा कार्बन केव्हाच संपलेला असतो. म्हणून दगडी कोळशावर गाळलेले लोखंड या परीक्षेत आपोआप वेगळे पडते. अशा परीक्षेसाठी वस्तूचा तुकडा खर्ची घालावा लागतो, हे मात्र विसरता येत नाही.

घडणीच्या खुणा

आता वस्तू हाती घेऊ. सर्वांत अधिक सापडतो तो खिळा. हाताने घडलेला खिळा छेदाने चौकोनी, चारही बाजूंनी टोकाकडे निमुळता असतो आणि त्याच्या माथ्यावर हातोड्याचे पैलू दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने पट्टीतून कापलेले खिळे पाश्चात्त्य देशांत निघाले; ते दोनच बाजूंनी निमुळते असतात, उरलेल्या दोन बाजू समांतर राहतात. तिसरा आपल्या परिचयाचा गोल, तारेचा खिळा. त्याच्या माथ्याखाली यंत्राच्या चिमट्याने उमटवलेल्या बारीक आडव्या रेघा असतात. त्याचा सार्वत्रिक प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला.

येथे तर्काचा एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. तारेचा खिळा सापडला, तर ती जागा त्या खिळ्याच्या शोधानंतरची, हे निश्चित. परंतु हातघडणीचा खिळा सापडला म्हणून ती जागा जुनीच, असे म्हणता येत नाही. कारण गावचे लोहार आणि रस्त्याच्या कडेला पाल ठोकणारे घिसाडी विसाव्या शतकातही हातानेच खिळे घडवीत होते. नवी रीत 'याच्या आधीचे नाही' एवढे सांगते. जुनी रीत 'याच्या नंतरचे नाही' असे कधीच सांगत नाही. जुन्या वस्तूंच्या कालनिर्णयातील बहुतेक घोटाळे हा भेद न ओळखल्याने होतात.

हाच नियम स्क्रूला लागू करा. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्राने बनू लागले. त्याआधीचे बोथट टोकाचे असत. माथ्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल, तर तो १९३० च्या दशकानंतरचा. बोल्टाचे आटेही बोलतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचविलेल्या इंग्रजी आट्यांचा कोन ५५ अंशांचा आहे, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील दशकात ती मापे रूढ झाली. म्हणून मेट्रिक आट्यांचा देशी बोल्ट साधारणतः त्यानंतरचा.

दाराचे सामान थोडे निराळे बघावे लागते. दख्खनमधील जुनी दारे बिजागरीवर फिरत नसत. फळीलाच वर-खाली ठेवलेली लाकडी टोके चौकटीच्या खोबणीत फिरत. टोक झिजू नये म्हणून त्याला लोखंडी कडे आणि खाली लहानशी वाटी बसविलेली असे. पाया खणताना अशी वाटी मिळाली, तर ती कशाची हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती भांडे किंवा दिवा समजून बाजूला ठेवली जाते. दोन सारख्या पाती आणि मधे सळई अशी कारखान्यातील बिजागरी आपल्या घरांत पुढे आली. मोठ्या दारांवरील खिळ्यांचा थाट पाहावयाचा असेल, तर गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजापर्यंत जावे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लोखंडी सुळे तेथे आजही आहेत.

कुलपावर अक्षरे असतील तर काम सोपे होते. अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा धंदा १८९७ साली सुरू केला. त्या नावाचे कुलूप त्याआधीचे असू शकत नाही. इंग्लंडमध्ये १८८७ साली व्यापारी चिन्हांविषयीचा कायदा झाला आणि त्यानंतर मालावर बनावटीच्या देशाचे नाव घालण्याची प्रथा वाढली. म्हणून 'मेड इन इंग्लंड' किंवा 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे बहुधा त्यापुढील काळ दाखवितात.

घराचे छत पाडताना निघणारे गर्डर आणि रूळ हे तर लोखंडाचे दप्तरच होय. गर्डरच्या मधल्या पट्टीवर 'डोरमन लाँग' यांसारखे इंग्रजी कारखान्याचे नाव उठावात आढळते. आपल्याकडे टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ साली निघू लागले. 'टाटा' ही अक्षरे असलेला गर्डर त्यानंतरचा. नाव नसेल तर फूटपट्टी घ्यावी. सहा इंची गर्डर १५२ मिलिमीटर भरतो, मेट्रिक गर्डर १५०. दोन मिलिमीटरांचा हा फरक दोन युगांमधला फरक आहे. रुळांवर बहुधा कारखान्याच्या नावासोबत सालही असते. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. रुळावर झीज झाल्यावर तो उखडून विकला जाई आणि मग कोणाच्या तरी छताला आधार देई. म्हणजे रुळावरचे साल हे घराचे साल नव्हे. घर त्यानंतर काही वर्षांनी बांधले गेले, एवढेच ते सांगते.

ओळखताना होणारी गल्लत

काही वस्तू ओळखण्यात हमखास गोंधळ होतो. अर्धचंद्राकार, तळहाताहून लहान, कडेला खिळ्यांची भोके असलेली चपटी पट्टी मिळते. लोक तिला दागिना किंवा शस्त्राचा तुकडा समजतात. ती बैलाची पत्री असते. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याचा नाल कमानीसारखा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक खुराला दोन पत्र्या. लांब, किंचित वळलेली जाड पट्टी म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव, आणि तिच्याजवळच सापडणारी जाड खीळ म्हणजे आखावरून चाक निसटू नये म्हणून घातलेली अडकण. या वस्तू ज्या घराच्या आवारात सापडतात, तेथे कधीकाळी गोठा किंवा गाडीखाना होता, हे त्या घराच्या नकाशावर नसलेले वृत्त आपल्याला कळते.

आपल्यापैकी अनेकांची शेती नांदेड, परभणी, निजामाबाद या बाजूंना होती किंवा आहे. तेथे नांगराचे फाळ सापडतात. देशी नांगराचा फाळ ठोकून केलेली जाड पट्टी असते. बिडाचा, वळणदार, बोल्टासाठी भोके असलेला भाग सापडला, तर तो कारखान्यातील लोखंडी नांगराचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावला असे नांगर करण्यास आरंभ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. म्हणून या प्रांतातील असा तुकडा बहुधा विसाव्या शतकातला.

लोखंडी गोळ्याविषयी मात्र गंभीरपणे बोलले पाहिजे. दुसऱ्या निजामाच्या, म्हणजे निजाम अली खानाच्या, पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमंड याने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. 'तोप का सांचा' या नावाने तो ओळखला जाई आणि गनफाउंड्री हे त्या भागाचे नाव त्यावरूनच आहे. रेमंड १७९८ साली वारला. या शहरात तोफगोळा सापडणे अशक्य कोटीतले नाही. भरीव गोळा निरुपद्रवी असतो. दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव बिडाचा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो. परंतु गोळ्यावर बुचासारखे भोक दिसले किंवा तो पोकळ असल्याची शंका आली, तर आत दारू असू शकते आणि जुनी दारू कोरडी झाली म्हणजे निकामी झाली असे नाही. अशा वेळी गोळा उचलू नये, घासू नये, त्यावर हातोडा मारू नये. मुलांना दूर करून पोलिसांना कळवावे.

मातीची साक्ष

वस्तूच्या घडणीने जे अर्धे उत्तर मिळते, ते येथवर पाहिले. आता उरलेले अर्धे.

जमीन खणताना खड्ड्याच्या भिंतीकडे पाहावे. मातीचे रंग आणि पोत बदलत जाणारे थर दिसतात. वरचा थर नंतरचा आणि खालचा आधीचा, हा सर्वसाधारण नियम. मुसीकाठच्या वस्त्यांना तर निसर्गानेच एक तारीख लिहून ठेवली आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली, अफजलगंजच्या परिसराची धूळधाण झाली, आणि त्यातूनच पुढे विश्वेश्वरय्या यांच्या योजना आणि उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव आले. त्या पुराने मागे सोडलेल्या बारीक वाळूचा आणि गाळाचा पट्टा नदीकाठच्या एखाद्या खड्ड्यात अखंड दिसत असेल, तर त्याखालची कडी १९०८ पूर्वी जमिनीत गेली, असे निःशंक म्हणता येते. पट्टा तुटलेला असेल, तर तेथे नंतर कोणीतरी खड्डा घेतला आहे आणि खालची वस्तूही नंतरची असू शकते. सुलतान बाजारासारख्या उंचावरच्या भागात असा गाळ नसतो. शिवाय अनेक घरांत बाहेरून आणलेली भरावाची माती असते. त्या मातीतील खिळा मुळात दुसऱ्याच कोणाच्या घरचा असतो.

थराचे वय त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून ठरते, सर्वांत जुन्या वस्तूवरून नव्हे. समजा, एकाच अखंड थरात हातघडणीची कडी, मंगळुरी कौलाचा तुकडा, चारमिनारचे चित्र असलेले निजामी नाणे आणि तारेचा खिळा मिळाला. कडी एकटी असती तर ती तीनशे वर्षांची आहे असे म्हणण्याचा मोह झाला असता. परंतु मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला आणि चारमिनारची यंत्रावर पाडलेली नाणी विसाव्या शतकाच्या आरंभीची. म्हणजे तो थर विसाव्या शतकाच्या आधी साठलेला नाही. कडी स्वतः जुनी असेलही. पण ती जमिनीत गेली ती या शतकात.

नाण्यांवरील हिजरी सालाचे इसवी साल करण्यास त्यास ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत. एखाद्या वर्षाच्या फरकाने साल मिळते. हिजरी १३२१ म्हणजे १९०३. निजामी अमलातील खरेदीखतांवर आणि काही घरांच्या शिळांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळवावेत. आपल्या घरचे जुने दस्त काढून पाहा. घर केव्हा घेतले, केव्हा माडी चढविली, केव्हा विहीर बुजविली, या नोंदी त्या लोखंडाला वय देतात.

पंडितांच्या वादातही हीच गोष्ट दिसून येते. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाने शिवगळै येथील लोखंडाचा काळ इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकापर्यंत नेणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावर विद्वानांत चर्चा होत राहील. आपल्याला ध्यानात घ्यावयाचे ते असे, की त्या तारखा गंजलेल्या लोखंडावरून काढलेल्या नाहीत. त्याच्या सोबत सापडलेल्या कोळशावरून आणि खापरांवरून काढलेल्या आहेत. सोबतीची नोंद नसती, तर ते लोखंड मुके राहिले असते.

दख्खनचे न लिहिलेले दप्तर

आपल्या भूमीत लोखंड किती खोलवर रुजले आहे, याची कल्पना असावी. मौलाअलीच्या परिसरातील महापाषाणकालीन दफनांविषयी ई. एच. हंट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पादात लिहिले. गच्चीबावलीला हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातही अशी दफने आणि लोखंडी वस्तू उत्खननात निघाल्या. तिकडे विदर्भात माहुरझरी, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांतून लोखंडी हत्यारे मिळाली आणि नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

याहून अधिक कीर्ती झाली ती तेलंगणाच्या पोलादाची. तेलुगूत आणि कन्नडात पोलादाला 'उक्कू' म्हणतात. युरोपात पोहोचलेले 'वूट्झ' हे नाव त्याचेच रूपांतर, असे मानले जाते. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने लिहून ठेवले, की ज्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते ते गोवळकोंड्याहून येते. निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् येथे मुशीत पोलाद कसे करतात, याचे वर्णन हेन्री व्हॉयसी यांनी केले. ते १८२४ साली वारले आणि वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या लहानशा गावी इराणातील इस्फहानचा व्यापारी पोलाद घेण्यास आलेला त्यांना भेटला. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली या पोलादावर निबंध वाचला आणि पुढे स्वतः लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनी त्यावर प्रयोग केले.

हे सारे लिहिले ते पाहुण्यांनी. ज्या कारागिरांनी ते पोलाद केले, त्यांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. त्यांचे दप्तर म्हणजे उत्तर तेलंगणात गावोगाव पडलेले लोहकिटाचे ढीग आणि भाताचा कोंडा मिसळलेल्या मातीच्या फुटक्या मुशी. आपल्या शेतात काचेसारखी चकाकी असलेले काळे, जड किंवा सच्छिद्र ढेकूळ दिसले, तर ते उल्केचा दगड आहे असे लगेच समजू नये आणि फेकूनही देऊ नये. बहुधा ते कीट असते. तेथे कोणीतरी भट्टी पेटविली होती, एवढाच पुरावा मागे राहिलेला असतो. शिवाय लोखंड ही वस्तूच अशी, की मोडले की लोहार त्याचे दुसरे काही घडवतो. जुना फाळ विळा होतो, विळ्याचा खिळा होतो. त्या चक्रातून निसटून मातीत राहिलेले थोडेच. त्या थोड्यावरच आपली सारी भिस्त आहे.

काय करावे, काय करू नये

वस्तू दिसताच ती ओढून काढू नये. प्रथम जागा पाहावी. शेजारी फूटपट्टी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे. जमिनीपासूनची खोली, जवळच्या दोन भिंतींपासूनचे अंतर, मातीचा रंग आणि सोबतच्या वस्तू वहीत लिहून काढाव्या. सोबतची कौले, काचा, खापरे, नाणी त्याच पिशवीत ठेवून पिशवीवर तोच क्रमांक घालावा. या कामाला दहा मिनिटे पुरतात.

नंतर वस्तू धुऊ नये. तारेचा ब्रश, आम्ल, तेल यांपैकी काही लावू नये. गंजाच्या कवचातच मूळ वस्तूची कड, कारखान्याचे नाव, लाकडाचा किंवा कापडाचा ठसा दडलेला असतो. दगडी चाकावर धरून ठिणग्यांवरून लोखंडाची जात ओळखण्याची कारागिरांची युक्ती खरी आहे; पण ती भंगारासाठी, जुन्या वस्तूसाठी नव्हे. तिरप्या उजेडात पाहावे, लोहचुंबक लावून आत धातू कितपत उरला आहे ते बघावे. गंजाखालचा आकार क्ष-किरणांत दिसू शकतो. पृष्ठभागावर तपकिरी थेंब साचू लागले, तर आतील क्षार अजून काम करीत आहेत असे समजावे आणि वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू, इमारतीतून सुटून निघालेली असली तरीही, पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी नेण्यास बंदी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आजोबांच्या घराचे कुलूप बरोबर न्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तू तितकी जुनी नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. शंका असेल तर पब्लिक गार्डन्समधील राज्य पुरातत्त्व संग्रहालयातील तज्ज्ञांना दाखवावी.

समारोप

मित्रहो, या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास ग्रंथांत फार थोडा आला आहे. कोण केव्हा आले, कोणत्या घरात राहिले, गाडी होती की नव्हती, दाराला कडी कोणत्या लोहाराची होती, हे कोणी लिहिले नाही. काही दस्त पुरात गेले, काही वाटणीत गेले, काही वाळवीने खाल्ले. घरे होती, तीही आता जात आहेत. मागे उरते ते पायाखालचे लोखंड, आणि तेही वजनावर चालले आहे.

माझी शाळेला एक विनंती आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घराचा पाया खणला जाईल, त्यांनी वर सांगितलेली दहा मिनिटांची नोंद करून तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी, आणि शाळेने त्यासाठी एक वही ठेवावी. वस्तू दिली नाही तरी चालेल, नोंद द्यावी. अशा पन्नास नोंदी जमल्या, तर या शहरातील घरांचा जो इतिहास कोणत्याही ग्रंथात नाही, तो त्या वहीत वाचावयास मिळेल. इतिहास वस्तू हाती घेऊन शिकविणाऱ्या गुरुजींचे स्मारक म्हणून याहून अधिक योग्य असे मला काही सुचत नाही.